वन्संची साक्ष

कामाच्या झपाट्यामुळे लॉन्ड्रीत तिला सगळे ‘तुफान’ म्हणत. ओल्या चादरी वाफेच्या गरम रोलरखाली सारायच्या, हे तिचं काम. शेजारच्या मशीनवर तिची धाकटी नणंद.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी होती. हात फार जवळ गेला की ती दाबली जाई आणि मशीन थांबे. पण ती बिघडली, चादर लागली तरी मशीन थांबायचं. मालकाने दुरुस्ती टाळली. एका सकाळी पट्टी तारेने वर बांधलेली दिसली. कुणी बांधली, कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मान खाली घालून काम ओढलं.

मग एकदा चादरीच्या घडीत तिचा हातमोजा अडकला. मशीन थांबलं नाही. नणंदेने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, तोवर उजवा पंजा भाजून चेपला होता.

दवाखान्यात मालक खुर्ची ओढून बसला. “घरी भाजलं म्हणून सांग. औषधपाण्याचं मी बघतो. तुझ्या नणंदेची नोकरीही आहेच की माझ्या हातात.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर तिने कामगार कचेरीत तक्रार केली. मालकाने उलटी बोंब ठोकली, “पट्टी तिनेच बांधली. तिलाच घाई!” जवळून पाहणारी एकटी नणंद. आणि तिने तर तोंडाला कुलूप घातलेलं. घरात भांडी वाजत, माणसं बोलत नसत. नवऱ्याची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. इकडे बायको, तिकडे बहीण.

सुनावणीच्या दिवशी नणंद मालकाच्या गाडीतून उतरली.

“पट्टी कुणी बांधली?” अधिकाऱ्याने विचारलं.

नणंद पदर पिळत राहिली. मालकाचा वकील खाकरला.

“मी बांधली,” ती म्हणाली.

तुफान बाकावरून अर्धी उठली. आपल्या हाताची राख हिने केली? हिने?

“यांनी सांगितलं, बांध नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.” नणंदेने मालकाकडे बोट दाखवलं. “आणि अपघात झाल्यावर तार कापायलाही यांनीच लावली. आज वहिनीचं नाव घ्यायचं पढवून आणलंय मला.”

“खोटं!” मालक ताडकन उठला. अधिकाऱ्याने त्याला खाली बसवलं.

बाहेर जिन्यात नणंद पायरीवर बसली. “वहिनी, शिव्या दे, पण बोल गं.”

तुफानने डाव्या हाताने पाण्याची बाटली पुढे केली. “वन्सं, आधी पाणी प्या. शिव्या घरी गेल्यावर देते.”

आणि दिल्याही, पोटभर. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

निकालात दोष मालकाचा ठरला. त्याने वरपर्यंत धावून पाहिलं, डाळ शिजली नाही. भरपाई द्यावीच लागली. नणंदेची नोकरी गेली. तुफानची बोटं मात्र अजून मिटत नाहीत, आणि कुणी मदतीला धावलं की ती खेकसते, “पांगळी नाही झाले मी!”