रतनवाडीच्या वाटेवर वाढलेलं पान

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. रोज दिवा लावत होते, स्तोत्र म्हणत होते, पण म्हणताना मन तिथे नसायचं. यांच्या उजव्या डोळ्याच्या वेळी मी गुरुवार धरले होते, गणपतीला दूर्वा वाहिल्या होत्या, भिंगारहून नगरच्या देवळापर्यंत अनवाणी चालत गेले होते. ऑपरेशन झालं आणि त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. साखरेनं पडदा आधीच खराब झाला होता, यायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा दोष नव्हताच. मग कोणाचा, ते मला कुणी सांगेना. आता डाव्या डोळ्यापुढेही काळे ठिपके तरंगू लागले होते. डॉक्टर म्हणत होते, थांबू नका. आणि हे म्हणत होते, "नको. आहे तेवढं राहू दे." मी आग्रह करावा, तर उद्या काही वाईट झालं की ते माझ्यामुळे झालं असं जन्मभर वाटणार. गप्प बसावं, तर माझ्या डोळ्यांदेखत यांचा अंधार वाढणार. नवस बोलायलाही तोंड उघडेना. आधीच्या नवसाचं काय झालं ते मला ठाऊक होतं.

अशात एके सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "आपण भंडारदऱ्याला जाऊन येऊ." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळी नोकरी यांनी तहसील कचेरीत कागदांत मान घालून काढली. फिरायला जाऊ असं हे कधी आपणहून बोलले नव्हते. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तळं बघायचंय." माझा संताप झाला. दवाखान्याची तारीख घ्यायची सोडून यांना सहल सुचतेय! कामापुरतं बोलणं सोडलं तर आमच्यात अबोला झाला. तरी पिशवी मीच भरली, गोळ्या आठवणीनं घेतल्या, आणि श्रावणातल्या एका गुरुवारी आम्ही एसटीनं आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला आणि तिथून जीपनं शेंडीला पोहोचलो.

शेंडी म्हणजे धरणाच्या कुशीतलं छोटंसं गाव. एक बाजारपेठ, भज्यांच्या गाड्या, भाजलेली कणसं, दोऱ्यांवर टांगलेले रंगीबेरंगी रेनकोट, आणि घराघरावर 'राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी. आम्ही उतरलो त्या लॉजचे मालक मोठे उत्साही. "धरणाची भिंत बघा, खालची बाग बघा. रंधा धबधबा तर सोडूच नका. तळ्यातून होडीनं रतनवाडीला जा, अमृतेश्वराचं देऊळ फार जुनं आहे. कळसूबाई काय, इथून हात लावाल एवढी जवळ दिसते," असं त्यांनी एका दमात सांगितलं. हे लक्ष देऊन ऐकत होते. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सकाळी उठून खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. डोंगर, तळं, समोरचं झाड, सगळं धुक्यानं पुसून टाकलेलं. धरणाच्या भिंतीजवळ गेलो, तिथे पाणी नुसतं ऐकू येत होतं. रंध्याला गेलो, तिथे पायाखालची जमीन थरथरत होती, तोंडावर तुषार उडत होते, पण कठड्यापलीकडे पांढरं, फक्त पांढरं. हे दर थोड्या वेळानं मला विचारायचे, "तुला दिसतंय का काही?" आणि मी नाही म्हटलं की यांचा जीव भांड्यात पडायचा. बाहेरचं धुकं कुठलं आणि आपल्या डोळ्यातलं कुठलं, हेच यांना कळत नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला.

होड्या बंद होत्या. तळ्याला वळसा घालून जाणारी जीप मिळाली. रतनवाडीच्या अलीकडे एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, म्हणून जीपवाल्यानं सगळ्यांना उतरवलं. बाजूच्या साकवावरून जा, देऊळ जवळच आहे, मी दुपारी इथेच येतो, असं तो म्हणाला. बाकीची माणसं भराभर पुढे गेली. हे जपून पाय टाकणारे, त्यामुळे आम्ही मागे राहिलो आणि बघता बघता समोर कुणीच दिसेनासं झालं. यांचा हात धरून मी चालत राहिले. रस्ता म्हणून धरला तो भाताच्या खाचराचा बांध निघाला. मागे वळावं तर आलो कुठून तेही कळेना. मी घाबरले. तेवढ्यात धुक्यातून बाईमाणसाचा आवाज आला.

"आलं का? आवो, इकडून या, तिकडं चिखूल हाय!"

आवाजाच्या रोखानं गेलो तर कौलारू घर, सारवलेली ओटी, आणि दारात तांब्या घेऊन उभी असलेली माझ्याच वयाची एक बाई. हौसाबाई. त्यांचे मालक लक्ष्मणभाऊ आत पाट मांडत होते. मी म्हटलं, "ताई, आम्ही भिंगारचे. देवळाला निघालो होतो, वाट चुकलो."

"असू द्या. जोडीनं आलात नव्हं? पाय फुडं करा."

आणि त्यांनी आमच्या पायांवर पाणी घातलं. मला कुंकू लावलं. यांना टिळा लावला. मी पुन्हा सांगितलं की तुम्ही ज्यांची वाट बघताय ते आम्ही नव्हे. त्या हसल्या आणि आत गेल्या. कमी ऐकू येत असेल असं मला वाटलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अबोला कधी संपला कोण जाणे, पण हे माझ्या कानाशी पुटपुटले, "अगं, काय चाललंय हे?" मी म्हटलं, "मला तरी काय ठाऊक!"

पानं मांडलेली होती. त्यांच्या शेतातला वासाचा काळभात, वालाची आमटी, रानभाजी, नाचणीची भाकरी आणि गुळाची खीर. उठून निघावं तर बाहेर काही दिसत नव्हतं, आणि दाराशी आलेल्यांना इतक्या मायेनं बसवणाऱ्याला नाही म्हणवत नव्हतं. आम्ही बसलो. पहिला घास घ्यायच्या आधी हौसाबाई पदर सावरून पुढे आल्या आणि आमच्या दोघांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. पाठोपाठ लक्ष्मणभाऊ. यांनी पाय एकदम मागे ओढले. "अहो, नका, नका. मी कोण? मलाच काही धड..."

तेव्हा लक्ष्मणभाऊंनी सांगितलं. आषाढात भाताची लावणी चालू असताना त्यांच्या पायाला फुरसं चावलं होतं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पण डोळे मिटत चालले होते. तेव्हा हौसाबाईंनी अमृतेश्वराला साकडं घातलं, माणूस घरी येऊ दे, श्रावणात शंकर-पार्वती म्हणून जोडपं जेवू घालीन. माणूस घरी आला. आज लक्ष्मणभाऊंचे चुलतभाऊ आणि भावजय जेवायला यायचे होते, ते आले नव्हते. फोन लागत नव्हता. भात निवत चालला होता.

"आमाला कळलं हुतं तुमी ते न्हाई म्हून," हौसाबाई म्हणाल्या. "पर दारात जोडा आला. त्याला म्हागारी कसं धाडायचं?"

हे म्हणाले, "पण ताई, आम्ही तुम्हाला काय देणार?"

"तुमी काय द्याचं न्हाई, दादा," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "तुमी निस्तं बसा. जेवा. बाकी त्याचं तो बघंल."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. देवाशी मनातून भांडून आलेली मी, आणि कुणी माझ्याच पायांवर डोकं ठेवतंय. लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि भूकही लागली होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं शेजारी बसून पोटभर जेवलो. हौसाबाई वाढत होत्या आणि आम्ही नको न म्हणता घेत होतो.

जेवणानंतर ओटीवर बसलो तेव्हा लक्ष्मणभाऊंनी यांना सरळच विचारलं, "डोळ्याला काय झालं?" आम्हा नगरच्या माणसांत असं कुणी विचारत नाही. आणि जे मला घरात मिनतवाऱ्या करूनही कळलं नव्हतं, ते हे त्या अनोळखी माणसाला सांगू लागले. "भीती ऑपरेशनची नाही वाटत मला. मागच्या वेळी टेबलावर झोपवलं, वर मोठा दिवा होता. त्या डोळ्यानं शेवटचं पाहिलं ते तो दिवा. या डोळ्याचंही तसंच झालं तर शेवटी काय, तर पुन्हा दिवाच! म्हणून म्हटलं, आधी काहीतरी चांगलं मनभर बघून घ्यावं. शाळेच्या सहलीत हे तळं पाहिलं होतं. तेवढंच मनात राहिलं होतं." मग स्वतःशीच हसले. "आणि आलो, तर हे धुकं."

मी खांबाला टेकून ऐकत होते. माणूस एवढं मनात ठेवून माझ्यासमोर चहा पीत होता आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. "धुकं व्हय? ते जातंय की. दसऱ्याला या, लई झ्याक दिसतंय," लक्ष्मणभाऊ म्हणाले, जणू यांच्या बोलण्यात धुक्याचीच तेवढी अडचण होती. आणि हे खळखळून हसले. तसं हसणं मी विसरूनच गेले होते.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं एक जोडपं ओटीजवळ आलं. तेच, ज्यांची वाट बघणं चाललं होतं. त्यांच्या वाटेवरच्या ओढ्याला साकव नव्हता, पाणी उतरेपर्यंत ते पलीकडे अडकून पडले होते. आमच्याकडे बघून त्या बाईंनी विचारलं, "हे कोन?"

"हे बी आलेत," हौसाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तांब्या घेऊन पाय धुवायला निघाल्या. दुसऱ्यांच्या पानावर जेवून बसल्यासारखं मला झालं. मी हळूच त्यांना गाठून विचारलं, "ताई, मग नवस कोणाच्या हातून फिटला? आमच्या की आत्ता आलेल्यांच्या?"

"आता मला काय म्हाईत, बाई? त्यानं धाडलं तेवढं वाढलं," असं म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

लक्ष्मणभाऊ आम्हाला देवळापर्यंत घेऊन गेले. जवळच होतं, आम्ही उगीच भलतीकडे भटकलो होतो. काळ्या दगडाचं देऊळ धुक्यातून एकाएकी समोर उभं राहिलं. पायऱ्या उतरून खाली गाभारा, आणि गाभाऱ्यात पाणी. पावसाळ्यात पिंड पाण्याखालीच असते, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे इथेही दर्शन नाहीच! माझा चेहरा पडला. पण लक्ष्मणभाऊ पाण्यात उतरले, त्यांनी यांचा हात धरून खाली उतरवलं आणि म्हणाले, "हात घाला. हाताला लागंल." हे वाकले. गार पाण्यात बाही भिजली. किती वेळ तसे वाकून होते कोण जाणे. मीही उतरले, हात घातला. पाण्याखाली दगड होता, गुळगुळीत, आणि मला वाटलं त्याहून ऊबदार. माझ्याच हाताची ऊब असेल. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मागायचं काय ते आठवलंच नाही, म्हणून काही मागितलं नाही.

परतीच्या जीपमध्ये हे माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. शेंडी जवळ आली असताना एका वळणावर धुकं बाजूला झालं आणि खाली सगळं तळं दिसलं. आभाळ पाण्यात उतरलेलं, काठाची हिरवी खाचरं, पलीकडे डोंगरांच्या रांगा. मी धडपडून यांना हलवलं. "अहो, उठा! तळं! तळं दिसतंय!" यांनी डोळे उघडले नाहीत. शाल अंगाशी ओढून घेत म्हणाले, "राहू दे गं. नंतर बघू."

वळण गेलं, धुकं पुन्हा दाटलं. नंतर! ज्या माणसाला नंतर काही उरलंय असं वाटत नव्हतं, म्हणून जो इतक्या लांब आला होता, तो झोपेत का होईना, नंतर म्हणाला. मी तो शब्द मुठीत धरून भिंगारपर्यंत आले. पुढच्या सोमवारी हे स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. नेमकं कधी ठरवलंत, असं मी एकदा विचारलं. 'गाभाऱ्यात' असं उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. हे म्हणाले, "छे! मी ठरवलं कुठे? जेवण फार छान झालं होतं गं त्या दिवशी." यातून काय समजायचं ते मला अजून समजलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर बाकावर बसून मी पहिल्यांदाच नवस कबूल केला नाही, साकडं घातलं नाही, काही मागितलं नाही. नुसती बसले. तसं बसणं किती कठीण असतं, हे ज्याला बसावं लागतं त्यालाच कळतं. डोळा राहिला. पूर्वीसारखा नाही. वर्तमानपत्रातले मोठे मथळे हे भिंग घेऊन वाचतात, तिन्हीसांजेनंतर माझा हात लागतो, पण माझा चेहरा ओळखतात आणि मी रागावले की लांबूनही ओळखतात. दसऱ्याला जाणं झालं नाही. आता पावसाळ्यानंतर जायचं म्हणतोय.

त्या दिवशी कोण कोणाकडे पाठवलं गेलं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. हौसाबाईंच्या नवसाला आम्ही धावलो, की आमच्या संकटाला त्या? की खरे पाहुणे उशिरा आले, धुकं होतं, वाट चुकली, एवढंच? मला उलगडा झालेला नाही आणि होईल असंही वाटत नाही. पूर्वी मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे सगळं समजून उमजून त्याच्या पायाशी ठेवायचं. आता वाटतं, समजलेलं ठेवण्यात काय मोठंसं? न समजलेलंच तेवढं त्याच्याकडे देता येतं. मी ते देते आणि यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला उठते.