पऱ्याच्या पलीकडची भरपाई

माझ्या धाकट्या जावेची डुकरं सरकारने मारली आणि माझी ठेवली, याचा मला संताप आला. वाचून कुणाला कसंसं झालं तर होऊ दे. डुकरं पाळायला लागल्यापासून मला बघून लोकांनी नाकाला पदर लावायचा, याची मला सवय आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटात. वाडीच्या मधून पऱ्या जातो, डोंगरातला ओढा. पावसाळ्यात तो कुणाला ओलांडू देत नाही आणि शिमग्यानंतर त्यात नुसते धोंडे असतात. अलीकडे माझं घर, पलीकडे जावेचं. सासूबाई जेवतात माझ्याकडे आणि गुण गातात पलीकडचे. माझं माहेर महाड तालुक्यातलं नाते. त्यावरूनही जाऊ मला टोचते, "बाय, नात्याची असून नातं कसं गो कळत नाय तुला?"

डुकरं आधी मी आणली, हे आधीच सांगून ठेवते. आमचे हे मुंबईला एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात मांस कापायला होते. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला नवरा मिळाला तो गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. एका मे महिन्यात ते म्हणाले, "डुकराला लय मागणी हाय. आपन पाळूया काय?" मी म्हटलं, तुम्ही घरी राहणार असाल तर वाघ पाळू. अशी पांढरी डुकरं आली आणि नवरा घरी राहिला. हायवेवरच्या हॉटेलांतलं खरकटं आणायचं, मोठ्या टोपात उकळायचं आणि घालायचं. गोव्याकडचा व्यापारी टेम्पो घेऊन यायचा, डुकरं भरायचा आणि कशेडीचा घाट चढून निघून जायचा. संध्याकाळी अंगाला वास येई, पण दोघांच्याही अंगाला येई, म्हणून मला त्याचं काही वाटत नसे.

जाऊ तेव्हा "शी गो!" म्हणाली होती. वर्ष सरतंय तोच तिने पलीकडे शेड घातली. माझ्या शेडवर जुने पत्रे, तिच्या शेडवर निळे. तिने नरही घेतला, चांगला रेड्याएवढा. मला तो परवडला नाही, तेव्हा मादी माजावर आली की तिला हाकत पऱ्या ओलांडून जावेच्या दारात न्यावी लागे. जाऊ उंबऱ्यावर उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं विचारायची, "आनलीस काय गो नवरीला?" मी हसायचे. आतून नुसती धुमसायचे.

मग खालच्या गावात एकाची डुकरं पटापट मेली. कान लालनिळे झालेले, अंगात ताप. तपासणीचा निकाल आला तो आफ्रिकन स्वाइन फीवरचा. या रोगाचा माणसाला धोका नाही, पण डुकराला त्यावर औषध नाही. मग सरकारचा नियम लागला. जिथे रोग निघाला तिथून एक किलोमीटरच्या आतलं क्षेत्र बाधित. तिथलं प्रत्येक डुक्कर मारायचं, दुखणेकरी असो की धडधाकट, आणि मालकाला भरपाई द्यायची. त्याच्या बाहेर लांबपर्यंत नुसती देखरेख. डुक्कर मारायचं नाही, विकायचं नाही, हलवायचं नाही, खरकटं घालायचं नाही. विकत आणून खाऊ घालायचं आणि बघत बसायचं. त्याला भरपाई नाही.

अंतर मोजायला ढोरांचे डॉक्टर आले, तेव्हा हे खाली पिंपळाजवळ मागून येणाऱ्या गाडीला वाट दाखवत होते आणि मी महाडला खाद्य आणायला गेलेले. माझ्या घरात होत्या सासूबाई. जावेची शेड सरळ आत बसली. माझ्या शेडपाशी मोबाइलची रेंज जाई-येई, नकाशावरचा ठिपका कधी आत, कधी बाहेर. आत आली नाही, तरी बाधित डुकरांशी संपर्क आला असेल तर ती शेडही धरतात, म्हणून डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमची डुकरं बाधित आहेत का?"

आता आमच्याकडे बाधा कशाला म्हणतात ते सांगायला हवं. तिन्हीसांजेला पऱ्यावर गेलेली बाई घरी येऊन घुमायला लागली, तर तिला बाधा झाली. ज्या घरात बाधा, त्या घरात कुणी मुलगी देत नाही. सासूबाई ताडकन उठल्या. "बाधा? आमच्या घराला कवा बाधा झाली नाय, बाबा! दारात देवाचा अंगारा हाय. इचार वाडीत कुनालाबी!" डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि संपर्क नाही असं धरून माझी शेड बाहेर ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी हे मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी कपाळाला हात लावला. अहो, संपर्क म्हणजे काय राहिला होता? माझी मादी महिन्याभरापूर्वीच त्या नराकडे जाऊन आली होती! सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मंग काय घराचं नाव घालवू व्हय गो?"

जावेची डुकरं मारली, तो दिवस मी अलीकडून बघितला. पांढरे झगे घातलेली माणसं, जेसीबीने काढलेला खड्डा, चुन्याची पोती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशीपासून वाडी तिच्या दारात जमायला लागली. माझ्या शेडवरून जाताना थुंकणारी म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवत होती. तिच्या भावाने तालुक्याहून फळं आणली. जाऊ भिंतीला टेकून बसलेली आणि सगळे तिला चहा पाजताहेत. पऱ्याच्या अलीकडे मी पोत्यातलं खाद्य ओतत होते, तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. रडायला तिच्याकडे कारण होतं. माझं कारण चांगलं गरगरीत होऊन दिवसभर खायला मागत होतं.

सरकार खरंच पैसे देईल असं मला आधी वाटलं नव्हतं. भरपाई तिच्या खात्यात आली तेव्हा मी पोलादपूरला ढोरांच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांपुढे सरळ म्हटलं, "साहेब, मला बाधित करा." पट्टेवाला तोंड फिरवून हसला. मी नराची, मादीची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टर भला माणूस, त्यांनी ऐकून घेतली. म्हणाले, "ताई, हे तेव्हा कळायला हवं होतं. आता इतके दिवस गेले, तुमची जनावरं ठणठणीत आहेत. निरोगी जनावर कुठल्या नियमाने मारू?" मी म्हटलं, "मग विकू द्या." ते म्हणाले, "बंदी उठेपर्यंत तेही नाही." आणि वर म्हणाले, "वाचली म्हणून देवाचे आभार माना." आभार सासूबाई मानतच होत्या, दोन्ही वेळा माझ्या ताटात जेवून.

खाद्याने घर पोखरलं. गोव्याचा टेम्पो आता आमच्या फाट्याला न थांबता जाई. शिमग्याला चाकरमानी आले, पालखी नाचली, आणि परतताना त्यांच्या गाडीत आमचेही हे बसले. जुन्या हॉटेलात परत घेणार होते. "बंदी उठंतवर जातो," म्हणाले. मी त्यांची पिशवी गाडीत ठेवली आणि लगेच पाठ फिरवली, नाहीतर सगळ्या गाडीदेखत रडले असते. घरी आले तर पलीकडे दीर आपल्या अंगणात बसून जावेच्या पायातला काटा काढत होता. हा काटा मात्र मला अजून सलतो. तिची डुकरं गेली आणि नवरा राहिला. माझी डुकरं राहिली.

त्यातच माझी मादी व्याली. मोठं वेत झालं, आणि सगळी पिल्लं त्या मेलेल्या नरासारखी रुंद कपाळाची. मी एकटीने रात्री जागून ती जगवली. पुढे मे महिना संपता संपता बंदी उठली. जावेची शेड औषध मारून रिकामी ठेवलेली होती, तिथे पुन्हा डुकरं ठेवायला परवानगी मिळाली. आणि एके सकाळी जाऊ पऱ्या ओलांडून माझ्या दारात आली. या वेळी हाकत आणायला तिच्याकडे काही नव्हतं.

मी उंबऱ्यावर उभी राहिले. फार वर्षांनी मला ती संधी मिळाली होती. "काय गो, कुठं चाललीस?"

"तुज्याकडंच, बाय." ती आत गेली आणि पिल्लांकडे बघत राहिली. मग एकाला उचललं, कपाळावर बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरले. "बापावर गेलीत गो. आमचीच हायत ही."

माझा तिळपापड झाला. "तुझी कशी? खाऊ कुणी घातलं?"

"तू घातलंस. म्हनून तर इकत मागते. फुकट मागते काय?" तिने पदर सोडला आणि माझ्या हातात पैसे ठेवले. मी सांगितला तो भाव, घासाघीस नाही. नोटा बँकेतल्या, कोऱ्या. भरपाईच्या खात्यातून काढलेल्याच असणार. पिल्लं घेऊन जाताना म्हणाली, "भावजींना बोलीव आता. एकली किती मरशील?" ते तिने चांगल्या मनाने म्हटलं. त्याचाही मला राग आला.

दुपारी मी यांना फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता. म्हटलं, पैसे आले.

"कुनाकडनं?"

पलीकडे जाऊ शेडच्या दारात फतकल मारून बसली होती. मांडीवर पिल्लू आणि निळ्या पत्र्याखाली परत आवाज. दीर पाण्याची बादली घेऊन येत होता.

"सरकारकडनं," मी म्हटलं.

"म्हंजे आपन पन बाधित झालो काय गो?"

"झालो," मी म्हटलं. "आता या."