सोपानआप्पांनी थांबवलेलं विमान

शिरूरच्या एसटी डेपोत हयातभर ब्रेकचं काम केलेले सोपानआप्पा रणपिसे यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. पहिल्या भेटीत मी त्यांच्यावर चिडले होते, हे आधीच कबूल करते.

केंदूरजवळच्या शेडमध्ये धाकटी बहीण वैशाली आणि मी चार वर्षं खपून एक छोटं विमान बांधलं. त्या सकाळी ते माळावरच्या धावपट्टीवर पहिल्यांदा जोरात पळवायचं होतं, उडवायचं नव्हतं. वैशाली आत बसली होती. दौंडहून पाहुणे हार घेऊन आले होते. शेजाऱ्यांबरोबर सहज आलेले आप्पा चाकाशी वाकले.

"ताई, ब्रेकला ऑइल कुठलं घातलंय?"

"गाडीचं. महिना झाला."

"आन् सील विमानाचे? मग जमत न्हाई. ह्या ऑइलनं त्ये रबर फुगतंय. आन् ही ऑइलची प्लॅस्टिकची नळी ब्रेकच्या डिस्कला चिकटून हाय. डिस्क तापली की नळी वितळंल, ऑइल सांडंल, पेट घेईल."

मी म्हटलं, "आप्पा, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू द्या. पोरगी आत बसलीय."

त्यांनी वैशालीला पेडल दाबून धरायला लावलं. पाय हळूहळू आत जात राहिला, म्हणजे ब्रेक धरतच नव्हता. ब्रेक उघडला, तर सील खरोखरच फुगलेला. मी वैशालीला खाली उतरवलं. पाहुण्यांकडे मात्र आप्पाच गेले. "माझं थोडं काम ऱ्हायलंय, म्हणून आज न्हाई," म्हणाले. आमची चूक त्यांनी स्वतःवर घेतली.

पुढचे पंधरा दिवस ते रोज एसटीने येत. नळ्या पोलादी घातल्या, डिस्कपासून दूर नेल्या, सगळे सील बदलले, विमानाचं लाल ऑइल भरलं. मग ती धाव झाली! विमान भन्नाट सुटलं आणि ऐन वेगात समोर मेंढरं आली. वैशालीने ब्रेक दाबले. विमान सरळ रेषेत, मेंढरांच्या अलीकडे थांबलं. आम्ही नाचत होतो. आप्पा नळीच्या सांध्यांवरून बोट फिरवून ऑइल गळतंय का ते बघत होते. "कोरडं हाय," एवढंच बोलले. त्यांचे डोळे मात्र कोरडे नव्हते.

आता आम्ही दुसरं विमान हाती घेतलं आहे. त्याला पाच वर्षं लागतील, त्यानंतर तिसरं; दोन्हींचे ब्रेक आप्पांच्याच हातून व्हायचे आहेत. आप्पांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं केवळ आदरापोटी नाही. ते आमच्या स्वार्थाचंही आहे.