इंदूआत्या आणि दोन दवाखान्यांचं गाव

इंदूआत्या गेल्याचं पत्र मला जामसंड्याच्या शाळेत मिळालं. वर्ग सुरू होता. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि उरलेला धडा शिकवला... काय शिकवलं, ते आठवत नाही.

तारकर्लीजवळच्या आमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात आत्या नर्स होती. विधवा, एकटी, आणि संशयी. गोड बोलणारा माणूस दिसला की तिच्या भुवया आधी वर जायच्या. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मुंबईत व्यापार करणारे गावचेच एक शेठ योजना घेऊन आले. सरकारी दवाखाना बंद करावा, इमारत दोन खाजगी डॉक्टरांना भाड्याने द्यावी. दोघांत चढाओढ लागली की फी उतरेल, औषध चांगलं मिळेल. गरिबांना गावाने चिठ्ठ्या द्याव्यात. चिठ्ठी घेऊन त्यांनी हव्या त्या डॉक्टरकडे जावं. देवळात सभा भरली. मी नुकता मास्तर झालो होतो, मला ते सगळं फार आधुनिक वाटलं.

आत्या बायकांतून उठली. ‘‘फुरसां चावल्यार माणूस दोन दवाखान्यांचो भाव इचारीत फिरतलो काय? आणि चिठी आसान दोघांनीय नको म्हटल्यानी, तर तो खंय जातलो?’’

‘‘आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं, बाई?’’ शेठ हसले. सभा हसली. मी हात वर केला... योजनेच्या बाजूने. घरी परतताना आत्या एवढंच म्हणाली, ‘‘तुझो हात बघलंय मी.’’

योजना मंजूर झाली आणि पहिलं वर्ष खरोखर बरं गेलं. स्वच्छ बाकं, आदराने बोलणारे डॉक्टर. नोकरी गेलेली आत्या मात्र रोज तिथून चक्कर मारायची. मग एक डॉक्टर रेडीला गेला. तिथे खाणीमुळे कमाई जास्त होती. उरलेल्याशी चढाओढ करायला कोणी राहिलं नाही. रापणीवर जाळं ओढणारा पांडू क्षयाने खोकत चिठ्ठी घेऊन गेला, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं.

पांडू आत्याच्या पायरीवर येऊन बसला. तिने त्याचा दंड धरला, दवाखान्यात नेलं आणि बाकावर शेजारी बसली. ‘‘तपासल्याशिवाय मी हयसून उठतलंय नाय.’’ चार दिवस दोघं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसली. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘मास्तर, मी वाईट माणूस नाही. पण हा इथे बसला की बाकीचे रोगी येत नाहीत. भाडं कशातून भरू?’’ पाचव्या दिवशी त्यांनी पांडूला तपासलं. इंजेक्शनं आणि बाटलीतलं औषध आत्याने दिलं, कित्येक महिने. पांडू वाचला.

पुढे आत्याने शुद्ध मराठीत अर्जांवर अर्ज केले. काही वर्षांनी सरकारी दवाखाना पुन्हा उघडला. मी पेढे नेले. ती पेढा हातात धरून म्हणाली, ‘‘उघडलो, पण कितके दिवस?’’

त्या डॉक्टरांबद्दल ती जरा कठोरच होती, असं मला आजही वाटतं. तसं तिला कधी म्हणालो नाही.

तेराव्यानंतर मला तिच्याच घरी ताप भरला. पांडू दवाखान्यातून औषध घेऊन आला. मी बाटली उजेडात धरली, बूच काढून हुंगलं, लेबलावरचं औषधाचं नाव दोनदा वाचलं. पांडू बघत राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, ‘‘बाय अशीच करी... माका औषधाचो एक घोट देवच्या आदी.’’