सर्व्हरची वही

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नवा अधिव्याख्याता होतो. अंतिम वर्षाची मुलं प्रकल्पासाठी प्रोग्राम लिहीत आणि त्यांची माहिती फ्लॉपीवरून या मशीनवरून त्या मशीनवर हिंडत असे. मला वाटे, प्रोग्राम ज्याच्या त्याच्या मशीनवर चालावा, पण माहिती सगळ्यांची एका जागी असावी, मागेल त्याला तिथून मिळावी. म्हणजे सर्व्हर हवा. एका मासिकाबरोबर लिनक्स या फुकट प्रणालीची सीडी आली होती आणि तिच्यात डेटाबेसही होता. कार्यालयाने टाकून दिलेलं एक जुनं मशीन मी मागून घेतलं.

प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून एक निवृत्त हवालदार होते. कोरेगावकडचे. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी झालेली, त्यामुळे तारा ओढणं आणि जोडणं त्यांच्या हातात बसलेलं होतं. सीडी उलटसुलट करून पाहत त्यांनी विचारलं, "सर, ह्ये इकत घेतलेलं न्हाई. मग बिघडलं तर कुनाला धरायचं?"

"कोणालाच नाही. हे उघडं आहे. आतलं सगळं वाचता येतं, बदलता येतं. जबाबदारी आपली."

"आपली म्हंजी तुमची का माजी?"

"दोघांची," मी हसत म्हणालो.

"मग वही घालाय पायजे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सर्व्हरशेजारी एक लांब पुठ्ठ्याची वही आली. मी कीबोर्डवर जे टंकीन ते हवालदार शेजारी बसून उतरवून घेत. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं इंग्रजीच्या मोठ्या लिपीत, कॅपिटलमध्ये लिहिलं. लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो हे सांगितल्यावर सगळी पानं पुन्हा लिहिली. शिवाय दर तासाला स्टॅबिलायझरच्या काट्यावरचा आकडा, लाइट कधी गेली आणि कधी आली, तेही वहीत. मला ते जरा हास्यास्पद वाटे. एकदा मी म्हणालोही, "हवालदार, ही काय छावणी आहे?"

"व्हय सर. फकस्त दुश्मन दिसत न्हाई."

नेटवर्कचं कार्ड काही केल्या ओळखलं जाईना. त्यात आठवडा गेला. हवालदारांनी खोलीभर केबल फिरवली आणि तिच्या दोन्ही टोकांना बुचं बसवली. ती निघाली की सगळी मशीनं मुकी होत. शेवटी एका दुपारी, खिडकीजवळच्या मशीनवर एका मुलीने तिच्या प्रोग्राममध्ये एक नाव शोधलं आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरमधून आलं. ती ओरडली, "सर, आलं!" त्यानंतर मी पुष्कळ मोठी मशीनं उभी केली, पण तसा ऊर पुन्हा भरून आला नाही.

परीक्षेला दहा दिवस उरले होते तेव्हा मी माती खाल्ली.

शनिवार होता. मला अडीचची साताऱ्याची एसटी गाठायची होती. आईवडील तिथे होते. माझ्या टेबलावरच्या मशीनवरही लिनक्स होतं, ते पुसून नव्याने घालायचं होतं. त्याच पडद्यावर सकाळी मी दुरून सर्व्हर उघडला होता, तो तसाच उघडा राहिला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, दोन्हीकडे सारखीच. घाईत मी सगळं पुसायची आज्ञा दिली. काही क्षणांनी समोरची दोन मुलं म्हणाली, "सर, सर्व्हर उत्तर देत नाही." तेव्हा कळलं, मी माझं मशीन पुसत नव्हतो.

मी काय केलं ते सांगतो. मुलांना घरी जायला सांगितलं. वीज खंडित झाल्यामुळे सर्व्हर बंद पडला असून बॅटरीने साथ दिली नाही, अशी चिठ्ठी लिहून प्राचार्यांच्या शिपायाकडे दिली आणि बस पकडली. लाइट गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या त्या बॅटरीची देखभाल हवालदारांकडे होती. हे मला चिठ्ठी लिहितानाही माहीत होतं.

साताऱ्यात रविवारी आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हणालो, उकाडा आहे.

सोमवारी आलो तर हवालदार सर्व्हरसमोर उभे होते. हातात प्राचार्यांचा शनिवारचा मेमो. बॅटरीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल खुलासा मागितलेला. त्यांनी तो मला वाचायला दिला आणि म्हणाले, "फौजंत माझ्या नोकरीच्या शीटवर एक लाल शेरा न्हाई, सर. हितं आलो आन् पयला मिळाला."



त्यांनी वही उघडली. शनिवार, एक ते दोन: काटा २२८, लाइट अखंड. "मी शेजारच्या खोलीत डबा खात हुतो. डोक्यावरचा पंखा थांबला न्हाई." वही मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवली. "पर ह्ये मी सायबास्नी दावलेलं न्हाई. तुमीच म्हनला हुता, जबाबदारी दोघांची. माजी वाटनी ही वही. तुमची काय, ती तुमी बगा."

एवढं बोलून ते केबलची बुचं तपासायला गेले.  मी टेबलाच्या खणातलं, उत्तरपत्रिका तपासायचं लाल पेन काढलं आणि शनिवारच्या नोंदीखाली लिहिलं: दीड वाजता सर्व्हर मी पुसला. वीज गेली नव्हती. चिठ्ठी खोटी. खाली सही केली आणि वही घेऊन प्राचार्यांकडे गेलो. हवालदारांचा मेमो त्यांनी माझ्यासमोर फाडला. दुसरा लिहिला, तो माझ्या नावाने.

मी खरं बोललो ते मनापासून, की वहीतल्या २२८ला भिऊन, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या माणसाने दोन दिवस माझं पाप डोक्यावर वागवलं, ते दोन दिवस मी परत देऊ शकलो नाही.

मग आम्ही सर्व्हर पुन्हा उभा केला. या वेळी हवालदार वही वाचत होते आणि मी टंकत होतो. "थोरला आर, सर. थोरला!" पहिल्यांदा आठवडे लागलेलं काम तीन दिवसांत झालं. मुलांनी आपापल्या फ्लॉप्यांवरून माहिती पुन्हा भरली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक मशीन-मशीन फिरले. अकरा प्रकल्प, सगळे एकाच सर्व्हरला विचारत होते आणि तो सगळ्यांना उत्तर देत होता. परीक्षकांना कौतुक वाटलं. "हे कोणी उभं केलं?"

"या हवालदारांनी आणि मी," मी म्हणालो.

परीक्षक सर्व्हरशेजारची वही चाळू लागले. लाल अक्षरांपाशी थांबले. वाचून त्यांनी मान वर केली. "हे कोणाचं?"

मुलं ऐकत होती. प्राचार्य दारात उभे होते.

"माझं," मी म्हणालो.

परीक्षकांनी पान उलटलं. हवालदार माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "अक्षर लय सुबक आलंय सर." मग त्यांनी वही मागून घेतली, काट्याकडे पाहिलं आणि लिहिलं: अकरा वाजता, २३०. सगळी मशीनं हजर.