वाऱ्याच्या अंगानं लावलेला जाळ

सांगलीला आग विझवणाऱ्या जवानांचा पिक्चर बघून आलो आणि माझी चालच बदलली. पडद्यावर अख्खी इमारत धडाधडा पेटलेली अन् हिरो धुरातून सावकाश बाहेर येतोय, मागं वळूनसुद्धा न बघता! मी खुर्चीच्या कडेवर. शेजारी बायको पॉपकॉर्न खात म्हणाली, "आवं, ह्यानं तोंडाला वलं फडकं का न्हाई बांधलं?"

पुढच्याच आठवड्यात आमचा ऊस तुटला आणि रानात पडलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळायची वेळ आली. खालच्या बांधाला लागून शेजारच्या आबांचा ऊस उभा, तोडीवर आलेला, आणि वाराही तिकडंच वाहणारा. म्हाताऱ्याची वर्षाची कमाई. अशा वेळी आधी त्या खालच्या बांधाकडून पेटवायचं. मग आग वाऱ्याला तोंड देत रखडत मागं सरकते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रखडणारी आग बघण्यात काय मजा? मी वरच्या, वाऱ्याच्या अंगानं काडी ओढली.

आणि काय उठली म्हणून सांगू! माडाएवढ्या ज्वाळा, कानात नुसता तडतडाट. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, मोबाइल वर झाले. "लय भारी गड्या!" कुणीतरी ओरडलं. मी कमरेवर हात ठेवून मान डोलावली, जणू पिक्चर मीच काढला होता.

"आवं, आबांचा ऊस गेला की!"

बायको तोंडाला ओला पदर बांधून, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा झाडू करून बांधाची पेटलेली कड झोडपत होती. मी धावलो. बांधावर आबांची शेळी बांधलेली. तिला छातीशी धरून धुरातून निघालो, अगदी सावकाश. शेळीनं पोटात लाथ घातली.

"शेळी ठिवा आन् झोडपा!"

मग मी झोडपलं, मोबाइलवालेही उतरले. आबांच्या दोन सऱ्या होरपळल्या, पण बाकी ऊस वाचला.

घरातून आबा काठी टेकत आले. होरपळलेली पानं चुरगाळून बघितली.

"जाळ वरनं लावलास व्हय रं?"

"व्हय आबा. चुकलं. ह्या सऱ्या उद्या मीच तोडून देतो."

"ते तर देशीलच. पर मला हाक तरी मारायची! समदं गाव बघून गेलं, म्या आपला घरात."

कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला. आबांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. भलामोठा जाळ, आणि कोपऱ्यात पदर बांधून झोडपणारी बायको. मी कुठंच नव्हतो. धुरातून फक्त शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं.