बागेतला तारपा

लडक्याचं कुणाशी फारसं जमत नसे आणि त्याला त्याची खंतही नव्हती. तलासरीहून अच्छाडकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की त्याचा पाडा लागतो. उमेदीत तो बोर्डीला चिकूच्या वाड्यांवर फळं उतरवायला जायचा. तिथल्या मुकादमाशी भांडला. मग अच्छाडच्या एका ढाब्यावर लाकडं फोडायला राहिला, ढाबेवाल्याशी भांडला. त्याची बायको जानी म्हणायची, "ह्याचं एकाशीच पटतं. कारण ते फुंकल्याबिगर बोलत नाय."

ते म्हणजे तारपा. वाळलेला दुधी, त्यात खोचलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचं कर्ण्यासारखं तोंड, आणि सांधे मेणाने बुजवलेले. लडक्या तो स्वतः बनवायचा. भात कापून झालं की तो मधोमध उभा राही आणि सारा पाडा हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरे. त्या वेळी भांडलेली माणसंही त्याच्या पावलावर पाऊल टाकत. नाचणाऱ्याने तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा पाड्याचा नियम. दुसरा त्याहून कडक. पेरणीला हात लागला की तारपा खुंटीला. नवं भात देवाला दाखवेपर्यंत त्यातून सूर निघता कामा नये.

श्रावणात, भात अजून पोटरीलाही आलं नव्हतं तेव्हा, पाड्याचा कारभारी शुक्रा लडक्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"बागेत तारपा वाजतो," तो म्हणाला. "मी रस्त्यावरून ऐकला. तुझा पोर जीवन वाजवतो."

लडक्याने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"खरं निघालं तर यंदा तुझ्या तारप्यावर कोणी नाचणार नाय. पुढल्या सालीही नाय. तू वाजवत बस एकटा."

"तुझी लेक शितल पण त्या बागेतच जाते की!"

"ती गवत काढते. सूर नाय काढत," शुक्रा म्हणाला आणि गेला.

बाग म्हणजे हायवेला लागून पसरलेलं मोठं थोरलं उद्यान. वापी-सुरतेकडची, मुंबईकडची माणसं रविवारी गाड्या भरभरून तिथे येत. जीवन तिथे माळीकामाला लागला त्या दिवसापासून लडक्या त्याच्याशी बोलत नव्हता. जेवतानासुद्धा पाठ करून बसे. आता तो उठला, कमरेच्या आकडीत कोयता अडकवला आणि निघाला.

"कोयता कशाला?" जानी ओरडली.

"तारपा उभा चिरतो. मग पोराचं बघतो."

फाटकावर नवशी नावाची शेजारच्या पाड्यातली बाई खाकी कपडे घालून उभी होती. तिने आधी कोयता काढून घेतला.

"आजोबा, हत्यार आत नाय चालत."

"हे हत्यार नाय. कमरेचा दागिना हाय."

"मग दागिना इथं ठेवा, जाताना घाला. आणि हात पुढे करा." तिने त्याच्या मनगटावर पिवळी प्लास्टिकची पट्टी चिकटवली. शेळीच्या कानाला बिल्ला टोचतात तसं त्याला वाटलं.

आत गवतच गवत होतं, पण त्यावर ना गुरं ना शेळी. 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती, म्हणून लडक्या मुद्दाम गवतावरूनच चालला. झुडपं कापून हत्ती केला होता, हरण केलं होतं. चिकूच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. एका बाईने त्याला थांबवून आपल्या पोराला त्याच्याजवळ उभं केलं आणि फोटो काढला. तो पोराकडे असा बघत राहिला की पोर रडायला लागलं.

आणि तेवढ्यात तारपा ऐकू आला.

लडक्याच्या पायांखालचं गवत तापल्यासारखं झालं. तो आवाजाच्या दिशेने सुटला. पुढे कुडाची चार खोपटी होती. त्यांच्या भिंतींवर ऑइलपेंटने लग्नाचा चौक काढला होता, लग्न कुणाचंच नसताना. मधल्या जागेत जीवन उभा होता. गाल फुगलेले, हातात लडक्याचा तारपा. समोर पाच-सहा पोरी हातात हात गुंफून नाचत होत्या, पण तोंडं प्रेक्षकांकडे आणि पाठी तारप्याकडे. मधली पोरगी शितल होती. बाजूला बागेचा मॅनेजर धर्मेशभाई टाळ्या वाजवत सांगत होता, "स्माईल, स्माईल! कॅमेऱ्याकडे बघा!"

"ए कुत्र्या!" लडक्या गर्दीत घुसला. "खुंटीवरून चोरलास? नवं भात आलं का रं घरात?"

जीवनने त्याला पाहिलं, पण तोंड तारप्यावरून काढलं नाही. लोकांना वाटलं हाही खेळातलाच. दोघांनी मोबाइल वर केले. लडक्याने तारप्याला हात घातला, आणि त्याच वेळी बागेतली लाइट गेली. कारंजं खाली बसलं. तारपा बंद पडला.

जीवनचे गाल मात्र अजून फुगलेलेच होते.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतली एक पोरगी खिदळली, "अरे, आ तो खोटुं वगाडे छे! खोटं वाजवतोय!" आणि सगळी गर्दी हसली. झुडपाच्या हत्तीच्या पोटात काळा स्पीकर होता. तो आता सगळ्यांना दिसला.

"जीवन, खरा वाजव ने!" धर्मेशभाई दातओठ खात म्हणाला. "बेइज्जती करतोस?"

"वाजत नाय, साहेब. आतली बांबूची जीभ काढलीय."

"मग घाल!"

"नाय घालत. नवं भात नाय आलं अजून."

"अरे, कँटीनमध्ये बासमतीचं आखं पोतं पडलंय! कालच आलंय, नवंकोरं! तुझ्या भातासाठी माझा रविवार बुडवू?"

लडक्याने जीवनच्या हातून तारपा हिसकावला, नळी सोडवून आत करंगळी घातली. पोकळ. एवढं सगळं ऐकत आला, पण रागाने कान असे भरले होते की आपल्याच तारप्याचा आवाज हा नव्हे, हे त्याला एकदाही उमगलं नव्हतं. याची लाज वाटली आणि लाजेने तो आणखी भडकला.

"काका, तुम्हाला येतो ना?" धर्मेशभाईचा आवाज एकदम गोड झाला. "तुम्हीच वाजवा. पब्लिक खुश होईल."

"तुझी पब्लिक गेली खड्ड्यात."

त्याने तारपा खांद्यावर टाकला. तेव्हा शितल वळली. तिच्यामागून बाकीच्या पोरीही वळल्या. तोंडं लडक्याकडे, पाठी मोबाइलांकडे.

"जीवन, तू गेलास तर उद्यापासून येऊ नको!" धर्मेशभाई ओरडला. "आणि तू पण, शितल!"

दोघंही लडक्यामागे चालू लागली. तिघं फाटकाशी पोचली तोच मागे जनरेटर धडधडला आणि हत्तीच्या पोटातला तारपा पुन्हा सुरू झाला. मधोमध कुणीच नव्हतं, पण लोक नाचू लागले होते.

नवशीने कोयता परत दिला. "दागिना घ्या."

रस्त्यावर लडक्या म्हणाला, "आधी सांगायला तोंड नव्हतं का रं?"

"पाठीला काय सांगू?" जीवन म्हणाला. "तू तोंड केलंस का कधी माझ्याकडं?"

"गप. आणि धरतोस किती वाकडा! लाज काढलीस."

तो घरी गेला नाही. थेट शुक्राच्या अंगणात गेला आणि तारपा त्याच्या तोंडापुढे धरला.

"फुंक."

"खुळा झालास काय? या दिवसांत?"

"फुंक म्हणतो ना!"

"फुंक, बा," शितल मागून म्हणाली. "ह्यात जीभच नाय. तिथं रोज स्पीकर वाजतो. आणि मी गवत नाय काढत. त्यापुढे नाचते."

शुक्रा लेकीकडे बघत राहिला. मग त्याने तोंड लावलं, डोळे मिटून हलकेच फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा जोर लावून फुंकलं. हवाच.

लडक्याने तारपा खाटेवर ठेवला. "आता बोल. कोण एकटा वाजवत बसणार?"

शितलला पाणी आणायला सांगून शुक्रा घरात जायला निघाला. पण वळला नाही. तारप्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकत गेला. उंबऱ्याला त्याची टाच अडली आणि तो धडपडला.

"सांभाळ," लडक्या खेकसला.